हेड कापायच्या आधी

“काट,” मी म्हणालो.

“नहीं काटता,” रफीक म्हणाला.

हेड त्याच्या मशीनवर आवळून झालं होतं. कटर वर तयार होता. मशीन त्याचं, म्हणून बटण त्याच्या हाताशी. माझ्या हाताशी असतं तर मी कधीच दाबलं असतं, आणि मग हे सांगायला मला तोंड राहिलं नसतं.

गाडीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्याच्या भोकांत पिस्टन वरखाली होतात. त्या भोकांवरचं जाड झाकण म्हणजे हेड. झाकणाच्या आतल्या अंगाला पोकळी असते, तिच्यात पेट्रोल आणि हवा पेटते. हेडचा तळ मशीनवर नखाच्या जाडीएवढा छिलला की ती पोकळी लहान होते. पेट्रोल-हवा जास्त दाबली जाते, भडका जोरात होतो, गाडीला पिकअप येतो. आम्ही याला फेसिंग म्हणतो. काम तासाभराचं. पण एकदा छिललेला माल परत चिकटत नाही. आणि या गाडीची नवी हेडं आता मिळत नाहीत. भंगारात सापडतात ती आधीच कुणीतरी दोन-दोनदा छिललेली असतात.

गाडीचं नाव लिहीत नाही. चार दरवाजे, छोटा बांधा, गिअरची दांडी स्टीअरिंगला. तुमच्या कुठल्या तरी काकांकडे होतीच.

माझं गॅरेज भोपाळच्या गोविंदपुऱ्यात आहे. शिक्षण चौथी. वडील नागपूरच्या सरकारी ऑफिसात शिपाई होते, ऑफिस भोपाळला आलं तसे आम्हीही आलो. शाळेत माझं मन लागलं नाही, इंजिनात लागलं. साठ वर्षं झाली. रफीकचं मशीन शॉप माझ्यापासून दोन शेड सोडून. त्याच्याकडे लेथ आहे, फेसिंगचं मशीन आहे, आणि जीभही आहे. आमची दोस्ती भांडणावरच टिकली आहे.

तर गाडी देशकरसाहेबांची. साहेब इथल्या मोठ्या कारखान्यात इंजिनीअर होते. पुण्याहून बदलीवर आले ते इथलेच झाले. वय आता अठ्ठ्याऐंशी. पत्नीसह, म्हणजे आमच्या बाईंसह, मुलीजवळ अयोध्या नगरात राहतात. मुलगी शुभाताई शाळेत गणित शिकवायच्या, याच वर्षी रिटायर झाल्या. गाडी साहेबांच्या नावावर, पण चाळीस वर्षं चालवतात शुभाताईच.

त्या गणपतीच्या आधी आल्या. साहेब पुढच्या सीटवर बसून होते, त्यांना उतरायला त्रास होतो.

“महादेवकाका, गाडीची ताकद वाढवायची आहे.”

“किती?”

“पचमढी चढेल एवढी.”

मग सगळं सांगितलं. आईवडिलांच्या लग्नाला पासष्ट वर्षं होताहेत. साहेबांना पचमढीला जायचंय, आणि याच गाडीनं. भाड्याची मोठी गाडी करू म्हटलं तर म्हणतात, मग मी घरीच बरा. पुण्याचा भाऊ म्हणतो, इंदूरचा एक माणूस गाडी मागतोय, त्याला देऊन टाका, कशाला तो डबा सांभाळायचा.

“मी दादाला शब्द दिलाय,” शुभाताई म्हणाल्या. “आईबाबांना घेऊन गाडी पचमढी चढली तर राहील. नाही चढली तर दसऱ्यानंतर तो इंदूरवाला घेऊन जाईल. मी अडवणार नाही.”

बोलताना त्यांचा हात बोनेटवर होता. मी गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा हात बघतो.

आतून साहेब म्हणाले, “महादेव, हीच गाडी पूर्वी सहा माणसं आणि होल्डॉल घेऊन पचमढी चढली आहे. फक्त घाटाखाली मटकुलीला एकदा रेडिएटरमध्ये पाणी घातलं होतं.”

“साहेब, तेव्हा तुम्ही स्वतःसुद्धा सहा माणसं उचलली असती,” मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो. साहेबांनी उत्तर माझ्या हातात दिलं होतं. मी त्याची टिंगल करून परत दिलं.

दुसऱ्या दिवशी ट्रायल घेतली. एरवी गाडी माझ्याकडे वर्षातून एकदा यायची. ऑइल, प्लग, पॉईंट, झालं. माझी ट्रायल गोविंदपुऱ्याच्या आतच असते, आणि तिथे स्पीडब्रेकर इतके की चौथा गिअर लागतच नाही. या वेळी साहेब, बाई, शुभाताई आणि मी असे चौघे श्यामला हिल्सच्या चढाकडे गेलो. चालवत होत्या शुभाताई. सपाट रस्त्यावर काटा पंचावन्नच्या वर गेला नाही. चढाला तिसरा टाकला, गाडी बसली. दुसरा टाकला, तरी बसली. शेवटी पहिल्यात रडत वर पोचलो. मागून एक रिक्षा आली, पाच माणसं भरलेली. तिनं हॉर्न दिला आणि पुढे गेली.

“माझ्याचकडून असं होतं,” शुभाताई म्हणाल्या. “बाबा म्हणतात, तुला चढावर गाडी मारता येत नाही.”

मागच्या सीटवर साहेब बाईंना खालचा तलाव दाखवत होते. मी ते बोलणं कानाआड केलं. माझं डोकं इंजिनात होतं.

गॅरेजवर येऊन तपासलं. प्रत्येक प्लगच्या जागी गेज लावून दाब बघितला. चारही सिलिंडर सारखे, चांगले. मग बोनेटमध्ये वाकून कार्बोरेटर हातानं उघडला. कार्बोरेटरच्या गळ्यात एक गोल पातळ चकती असते, तिला बटरफ्लाय म्हणतात. ती फिरली की हवा आत जाते. मी ती पूर्ण फिरवली तर इंजिन असं गरजलं की समोरचा चहावाला बाहेर आला. म्हणजे इंजिन ठणठणीत. तब्येत चांगली, पण जात्याच ताकद कमी. मी निकाल देऊन टाकला.

मग प्लॅन केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला. माझं अक्षर वाईट आहे, आकडे साफ असतात. शुभाताई समोर स्टुलावर बसल्या होत्या. शिक्षिकेला समजावायचं म्हणजे आपलीच परीक्षा.

“इंजिन माणसासारखं असतं ताई. श्वास आत, दम कोंडणं, श्वास बाहेर. तिन्ही वाढवलं की ताकद वाढते. आत घ्यायला मोठा कार्बोरेटर, आहे माझ्याकडे एक. बाहेर सोडायला सायलेन्सरचा पाईप रुंद करतो. आणि दम कोंडायला हेडचं फेसिंग.”

“दादा म्हणत होता, नवीन गाडीचं इंजिनच टाका.”

“टाकता येतं. मग आरटीओचे कागद, नवा गिअरबॉक्स, खालची चासी कापा, वरचं बोनेट कापा. मग पचमढीला जी जाईल ती कुणाची गाडी असेल?”

त्या हसल्या. “आणि पिस्टन मोठे टाकले तर?”

“बोरिंग करावं लागेल, म्हणजे ब्लॉकची भोकं मोठी करायची. हिचं एकदा झालेलं आहे. भिंती पातळ झाल्यात. मी त्या वाटेनं जात नाही.”

“फेसिंगमध्ये काही धोका?”

“जास्त छिललं तर इंजिन तापतं, ठोकतं. व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. पण कापणारा रफीक आणि सांगणारा मी. आणि हो, त्याच्या आधी ब्रेकचे लायनर नवे, रेडिएटर साफ. पळवायच्या आधी थांबवायची सोय.”

“काका, हे एकच हेड आहे ना?”

“एकच.”

त्यांनी कॅलेंडर उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्हाला खात्री आहे तर करा.”

खात्री! मला खात्री नसते असं कधी झालंच नाही. तोच माझा रोग आहे.

ब्रेक झाले, रेडिएटर झाला. कार्बोरेटर उतरवला, हेड खोललं, फडक्यात गुंडाळून रफीककडे नेलं. आणि त्यानं ते मशीनवर आवळल्यावर, बटण दाबायच्या आधी, भोपाळी हाक मारून विचारलं.

“को खां, गाड़ी चढ़ नहीं रही, ये तुझे किसने बोला?”

“मी बसलो होतो ना गाडीत! पहिल्यात चढली.”

“और गॅरेज में?”

“गॅरेजमध्ये एकदम वाघ. मी कार्बोरेटर हातानं पूर्ण उघडला. चहावाल्याला विचार.”

रफीकनं चष्मा कपाळावर चढवला. “हाथ से तो शेर है, और सड़क पे बकरी. तो फिर पैडल से देखा?”

“पॅडलनं काय बघायचं? ॲक्सिलरेटरचं पॅडल दाबलं की बटरफ्लाय उघडते.”

“किसने देखा?”

आता हे बघणं म्हणजे दोन माणसांचं काम. एकानं आत बसून पॅडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्यानं बोनेटमध्ये बघायचं. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी कैक वर्षं एकटाच काम करतो. कुणाला आवाज द्यायला मला आवडत नाही.

“रफीक, तू कापणारा आहेस. काप.”

“माल तेरा नहीं है, उस मास्टरनी का है. एक ही है. कटा हुआ वापस नहीं चिपकता, खां. पहले पैडल दिखा.”

“आणि पॅडल बरोबर निघालं तर?”

“तो फोकट में काटूंगा, और समोसा भी खिलाऊंगा.”

मी तरातरा गॅरेजकडे निघालो. तो मागून आला, हात पुसत. त्याला खोटं पाडायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गाडीचं इंजिन उघडं होतं. कार्बोरेटर नव्हता, त्यामुळे पॅडलकडून येणारा रॉड मोकळा लोंबत होता. या गाडीत वायर नसते, लोखंडी रॉड असतो. पॅडल दाबलं की तो आतून पत्र्याच्या भोकातून पुढे सरकतो आणि कार्बोरेटर उघडतो. रॉड मोकळा असला की पॅडल सरळ जमिनीला टेकायला पाहिजे.

मी सीटवर बसलो. दाबलं.

टक.

पॅडल मध्येच अडलं. अर्ध्याच्याही आधी. परत दाबलं. टक. रफीक बोनेटमधून म्हणाला, “दबा ना!” मी म्हणालो, “दाबलंय.” तो म्हणाला, “पूरा दबा!” मी म्हणालो, “पूरंच आहे!”

त्यानं माझ्या बाकावरची टॉर्च उचलली.

मग त्यानं दार उघडलं, माझे पाय बाजूला सारले, आणि सत्तरीचा माणूस डॅशबोर्डखाली पाठीवर झोपला. फेल्टचं अस्तर सोडवलं, टॉर्च मारली. मग खालून हसण्याचा आवाज यायला लागला.

“काय आहे?”

“खुद देख ले, उस्ताद.”

त्यानं मला उस्ताद म्हटलं की समजायचं, काहीतरी वाईट आहे.

मी खाली झोपलो. रॉडवर, पत्र्याच्या अलीकडे, एक पितळेचा बुश बसवलेला होता. बुश म्हणजे अंगठीसारखा जाड तुकडा. बारीक स्क्रूनं आवळलेला. पॅडल दाबलं की बुश पत्र्याला टेकायचा आणि रॉड थांबायचा. काम अतिशय साफ होतं. कडा घासून गोल केलेल्या. आणि बाजूला कानशीनं मारलेल्या दोन खाचा.

मी हातानं बनवलेल्या प्रत्येक वस्तूवर दोन खाचा मारतो. कुणी चोरून आपली म्हणू नये म्हणून.

सगळं आठवलं. शुभाताई तेव्हा कॉलेजात होत्या. नव्यानं गाडी शिकलेल्या. साहेब एकटे आले होते, दार लावून घेतलं, हळू आवाजात म्हणाले, “महादेव, मुलगी फार जोरात काढते. असं काही कर की गाडी पळणारच नाही. तिला कळता कामा नये. पेट्रोलही वाचेल.” मी दोन दिवस डोकं लावलं. पॅडलखाली लाकूड ठोकणं कुणालाही जमतं, आणि ते दिसतं. मी हा बुश केला. साहेब खूश झाले होते. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. मी इतकं पाळलं की स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

म्हणजे गाडी चाळीस वर्षं अर्ध्या श्वासावर चालत होती. आणि मी तिचं एकुलतं एक हेड कापायला निघालो होतो.

मी बुश काढला. पॅडल जमिनीला टेकलं.

“अब?” रफीकनं विचारलं.

खरं सांगतो, एक विचार आला. बुश खिशात घालावा, हेड परत बसवावं, आणि ट्यूनिंग केलं म्हणून सांगावं. कुणाला कळलं असतं? रफीकला. म्हणजे सगळ्या गोविंदपुऱ्याला. पण नुसतं तेवढंच नव्हतं. चढावर शुभाताई काय म्हणाल्या होत्या ते आता माझ्या डोक्यातून जाईना. माझ्याचकडून असं होतं.

संध्याकाळी अयोध्या नगरला गेलो. बाईंनी चहा ठेवला. मी बुश कपबशीशेजारी ठेवला.

“हे काय?” शुभाताईंनी विचारलं.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बुश उचलला, डोळ्यांजवळ नेला.

“अरे!” ते म्हणाले. “हा अजून आहे?”

“बाबा?”

साहेबांनी सांगायला सुरुवात केली, मध्ये अडकले, उरलेलं मी सांगितलं. शुभाताई ऐकत होत्या. वर्गात चोरी पकडल्यावर ऐकतात तशा.

“मला वाटलं, हिचं लग्न झाल्यावर तू काढला असशील,” साहेब मला म्हणाले.

“तुम्ही लावायला सांगितलं होतं, साहेब. काढायला कुठे सांगितलं?”

“म्हणजे आता माझ्यावर?”

“बाबा,” शुभाताई म्हणाल्या, “चाळीस वर्षं मला रिक्षावाले ओव्हरटेक करताहेत. चाळीस वर्षं मी समजते मला चढ जमत नाही. आणि तुम्ही मला शिकवत होता, क्लच असा सोड, गिअर असा टाक!”

“काळजीपोटी केलं गं.”

“दादाचीही काळजी होती ना? त्याच्या स्कूटरला काय लावलं होतं?”

साहेब चहाकडे बघायला लागले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. “त्याची स्कूटर नाही बांधली कुणी,” बाई म्हणाल्या. “दोनदा नाल्यात घातली त्यानं.” आणि त्या हसायला लागल्या. मग शुभाताईंनाही हसू आवरेना, मध्येच डोळे पुसले. साहेब शेवटी हसले. मी सगळ्यांचं होईपर्यंत थांबलो.

“काका, चूक तुमचीही आहे,” त्या मला म्हणाल्या.

“आहे. पण बुश बघा ताई. इतक्या वर्षांत कणभर झिजलेला नाही.”

“बघितला. आता हेड जसं आहे तसं बसवा. आणि गाडी मी चालवणार.”

कॅलेंडरवरच्या प्लॅनमधलं शेवटी काय राहिलं? ब्रेकचे लायनर आणि रेडिएटर. मोठा कार्बोरेटर परत फळीवर गेला. सायलेन्सरला हात लावला नाही. हेडला नवी गॅस्केट टाकली, टायमिंग लावलं. पॅडल दाबायला रफीकला बसवलं आणि बोनेटमध्ये मी बघितलं. बटरफ्लाय पूर्ण उघडली. मी त्याला तीनदा दाबायला लावलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “अब क्या फोटो निकालेगा?”

ट्रायलला परत श्यामला हिल्स. तेच चौघे. शुभाताईंनी सपाटीवर पाय दाबला, काटा पंचावन्न ओलांडून पुढे गेला, आणि त्यांनी दचकून पाय काढला. “काका, हे काय!” म्हणाल्या. मी म्हणालो, “ही तुमची गाडी.” चढ तिसऱ्यात लागला. वरच्या वळणाला दुसरा टाकला, तेवढंच. पुढे एक रिक्षा होती. शुभाताईंनी हॉर्न दिला. गरजेपेक्षा बराच लांब दिला. मागून साहेब म्हणाले, “हळू.” कुणी लक्ष दिलं नाही.

दसऱ्याच्या चार दिवस आधी ते तिघे पचमढीला गेले. मी सकाळपासून फोन समोर ठेवून बसलो होतो आणि रफीक मुद्दाम माझ्याकडेच चहा प्यायला येत होता. दुपारी फोन आला.

“काका, वर पोचलो. दुसऱ्यात चढली, दोन ठिकाणी तर तिसऱ्यात. मटकुलीला एकदा पाणी घातलं, बाबांनी हट्टानं घालायला लावलं, गरज नव्हती. दादाला फोटो पाठवलाय. त्यानं इंदूरवाल्याला नाही म्हणून कळवलं.”

मग साहेबांनी फोन घेतला. आवाज थकलेला होता, पण खूश.

“महादेव, गाडी मस्त. फक्त एक सांग. तो बुश सांभाळून ठेवलायस ना?”

“नाही साहेब,” मी म्हणालो. “तो ताईंनी किल्लीला लावलाय.”

तेव्हापासून माझ्या गॅरेजचा नियम झाला आहे. कुणी पिकअप वाढवा म्हणून आलं की आधी त्यालाच सीटवर बसवतो, पॅडल जमिनीपर्यंत दाबायला लावतो आणि मी बोनेटमध्ये बघतो. हत्यार लागत नाही, मिनिटभरही लागत नाही. फक्त दुसऱ्या माणसाला आवाज द्यावा लागतो, आणि मला तो साठ वर्षांनी द्यायला जमला.

बाकी, अर्धा मिलिमीटर छिललं असतं तरी चाललं असतं, हे माझं मत कायम आहे. रफीकला सांगू नका.